मराठीतील आदरवाचक उपपदे आणि लिंगनिरपेक्ष संबोधनाचा प्रश्न

नावापूर्वी योजले जाणारे आदरवाचक उपपद हे केवळ शिष्टाचाराचे चिन्ह नसते. त्या व्यक्तीस समाजाने कोणत्या नात्याने ओळखावे, याचेही ते विधान असते. मराठी पत्रव्यवहार, निमंत्रणपत्रिका आणि सभांची इतिवृत्ते यांतील उपपदे या दृष्टीने तपासली असता एक विषमता स्पष्ट होते. पुरुष अविवाहित, विवाहित वा विधुर असो, त्याचे ‘श्री.’ बदलत नाही. स्त्रीच्या बाबतीत मात्र ‘कु.’, ‘सौ.’ आणि ‘गं. भा.’ अशी विभागणी आढळते. तिची विद्या वा अधिकार नव्हे, तर पतीचे असणे-नसणे येथे निर्णायक ठरते.

‘श्रीमती’ या पदाचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. व्युत्पत्तीने ते कोणत्याही स्त्रीस लागू पडावे. परंतु मराठीत ‘सौ.’च्या शेजारी वावरल्यामुळे पुष्कळांच्या मनात ते वैधव्याशी जोडले गेले. हिंदीत तेच पद विवाहितेसाठी रूढ झाले. उपपदाचा अर्थ व्युत्पत्तीपेक्षा शेजारच्या पदांवरून ठरतो, असे यावरून म्हणता येईल. म्हणूनच केवळ शब्द बदलल्याने प्रश्न सुटत नाही. एप्रिल २०२३मध्ये महाराष्ट्राच्या तत्कालीन महिला व बालविकास मंत्र्यांनी ‘विधवा’ या शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ हा शब्दप्रयोग सुचविला, तेव्हा त्यावर टीका झाली. शब्द आदराचा असला तरी वैधव्याची नोंद कायमच राहत होती.

याउलट उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८७८मध्ये कलकत्त्यात त्यांच्या विद्वत्तेचा गौरव म्हणून ‘पंडिता’ ही पदवी त्यांना मिळाली. १८८०मध्ये त्यांचा विवाह झाला, १८८२मध्ये वैधव्य आले. ‘पंडिता’ मात्र तसेच राहिले. पद स्त्रीलिंगी आहे, परंतु वैवाहिक स्थितीशी त्याचा संबंध नाही.

व्याकरणाकडे वळल्यास निराळेच चित्र दिसते. एकेरी संबोधनात मराठी क्रियापद लिंग प्रकट करते: ‘तू आलास’, ‘तू आलीस’, ‘तू येतोस’, ‘तू येतेस’. आदरार्थी रूपांत हा भेद मावळतो: ‘तुम्ही आलात’, ‘आपण येता’. ‘अरे’ आणि ‘अगं’ यांच्या जागी एकच ‘अहो’ येते. म्हणजे प्रत्यक्ष संबोधनात आदर वाढला की क्रियापदातील लिंगभेद लोपतो. विशेषणांत आणि तृतीय पुरुषात (‘ते आले’, ‘त्या आल्या’) तो टिकून राहतो, ही या व्यवस्थेची मर्यादा होय.

लोकव्यवहारातही लिंगाची सीमा ओलांडणारे संबोधन आहे. पंढरीच्या वारीत स्त्री-पुरुष, लहान-थोर परस्परांस ‘माऊली’ म्हणतात. शब्द स्त्रीलिंगी, तरीही तो ज्ञानेश्वरांसाठी रूढ आहे आणि अनोळखी पुरुष वारकऱ्यालाही सहज लागू होतो. अर्थात भक्तिव्यवहारातील हे संबोधन कार्यालयीन पत्रात जसेच्या तसे आणता येणार नाही. ‘प्रा.’ आणि ‘डॉ.’ ही लिंगनिरपेक्ष संक्षेपरूपे तेथे चालतात. परंतु ती पदवी वा पद असणाऱ्यांनाच उपलब्ध आहेत. इतरांना मात्र ‘श्री.’, ‘सौ.’ याच चौकटीत बसावे लागते.

हा प्रश्न तृतीयपंथी व्यक्तींच्या संदर्भात अधिक तीव्र होतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४च्या निकालात आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा व्यक्तीचा अधिकार मान्य केला. ‘ते’ की ‘त्या’, याचा निर्णय मग पाहणाऱ्याने वा लिहिणाऱ्याने परस्पर करणे उचित ठरत नाही.

तात्पर्य, मराठीस नवे उपपद घडविण्यापूर्वी तिच्यातील उपलब्ध साधने डोळसपणे वापरणे अगत्याचे आहे. प्रत्यक्ष संबोधनात ‘आपण’ पुरेसे आहे. पत्रावर उपपदाविना पूर्ण नाव लिहिल्याने आदर उणावत नाही. आणि जेथे तृतीय पुरुष टाळता येत नाही, तेथे त्या व्यक्तीसच विचारावे. ज्याचे नाव, त्याचाच त्यावर पहिला अधिकार. आपल्या विभागांच्या इतिवृत्तांपासून आणि निमंत्रणपत्रिकांपासून याचा आरंभ करता येईल.