अंड्याचे वजन वाढवायचे तर कोंबडा पाहा



आसनगावकडे, शहापूर-मुरबाड भागात ऊस नाही. तिकडे भात, आणि भाताच्या जोडीला घरोघर गावठी कोंबड्या. आपल्या वस्त्यांवरही कोंबड्या आहेतच. बाजारात मोठे अंडे आधी खपते, म्हणून मोठी अंडी विकायची आणि उरलेली बारकी खुडूक कोंबडीखाली ठेवायची, अशी सर्वत्र रीत. म्हणजे चांगले बेणे गाळपाला आणि रोगट सरीत!

अंड्याचे वजन हा गुण रक्तातून बराच उतरतो. साधारण निम्मा धरतात. अंड्यांची संख्या तितकी उतरत नाही, ती खाद्य, उजेड आणि निगेवर जास्त. समजा, कळपाची सरासरी ४२ ग्रॅम व निवडलेल्या कोंबड्यांची ४८. फरक ६ ग्रॅम, त्यात रक्ताचे ३. पिलाला आईकडून निम्मा वाटा, म्हणून तलंगांची अंडी सरासरी ४३.५ ग्रॅम भरतील. ॲगमार्कच्या प्रतवारीत ४५ च्या खालचे अंडे लहान, तेव्हा दोन-तीन पिढ्यांचे काम आहे.

राहिलेला वाटा बापाचा. म्हशाच्या यात्रेत बैल घेताना आपण खोदून खोदून चौकशी करतो, कोंबड्याचा मात्र नुसता तुरा पाहतो. तो अंडी देत नाही, म्हणून त्याच्या आईची व बहिणींची अंडी तोलावीत.

तलंगेची पहिली अंडी बारीकच असतात, त्यावर निकाल लावू नये. सगळ्यांची एकाच वयात, ४० आठवड्यांच्या सुमारास, पाच-सहा अंडी तोलावीत. पायात रंगीत कडी घालून सकाळी वेगवेगळ्या डालग्याखाली कोंडले की कोणाचे अंडे कोणते ते कळते. वही घरातल्या बाईच्या हाती द्यावी, तिलाच कोंबड्या ओळखू येतात. दोन बलकांचे अंडे बसवू नये, त्यातून सहसा पिल्लू निघत नाही.

नुसत्या वजनामागेही लागू नये. वजन वाढले की संख्या घटते, कोंबडी अंगाने जड होते, खाते जास्त. उसात टनेज आणि उतारा दोन्ही पाहतो, तसेच हे. कमी अंडी देणारी बाद करावी.

पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजची बीव्ही-३०० अनेकांनी पाहिली असेल. ती संकरित, तिची पिले काढून तोच गुण टिकत नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यात वेहळोलीला बर्ड फ्लू आला आणि आसपासचे हजारो पक्षी नष्ट करावे लागले. म्हणून निवडीचा कळप दोन गावांत वाटून ठेवावा. अधूनमधून कोंबडे आपसात बदलावेत, म्हणजे सख्ख्या रक्ताचा दोषही टळतो. आलेला कोंबडा तीन आठवडे वेगळ्या खुराड्यात ठेवावा, मगच सोडावा.