मताधिकार आणि मतदार यादी

राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमाने प्रौढ मताधिकार दिला, हे वाक्य आपले विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतात. त्यामागचा झगडा मात्र सहसा कोणी सांगत नाही.

इंग्रजी अमलात मत हा माणसाचा हक्क नव्हता. जो शेतसारा किंवा कर भरतो, ज्याच्याकडे मालमत्ता वा ठराविक शिक्षण आहे, त्यालाच मत. ज्यांना जमीन मिळू दिली नाही आणि शाळेत बसू दिले नाही, त्यांना जमीन व शिक्षण नाही म्हणून मतही नाही, असा हा अजब न्याय होता! १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांसाठी ही पात्रतेची अट शिथिल करण्याची मागणी केली. १९२८ साली सायमन कमिशनपुढे तर त्यांनी प्रौढ मताधिकारच मागितला. तरीही १९३५ च्या कायद्यात मालमत्तेच्या व शिक्षणाच्या अटी राहिल्याच.

१९५० साली घटनेने त्या काढून टाकल्या. वयाची अट तेवढी राहिली. ती आधी २१ वर्षे होती, १९८९ पासून १८ झाली. ३२५ वे कलम आमच्या मते तितकेच मोलाचे आहे. प्रत्येक मतदारसंघाला एकच सर्वसाधारण यादी, आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग एवढ्याच कारणावरून कोणालाही त्या यादीबाहेर ठेवता येणार नाही, असे ते सांगते.

परंतु हक्क बजावायचा तर त्या यादीत नाव लागते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार यादीत नाव नसलेल्यास मत देता येत नाही. आम्हा बँकेतल्या माणसांना हे लगेच उमगते. खातेवहीत नाव नसेल तर नुसत्या पासबुकावर पैसे मिळत नाहीत. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ साली, सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीबाहेर राहिली. कारण काय, तर त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले होते!

आजही गळती होते, फक्त कारणे निराळी. भाड्याची खोली बदलते, नोकरीत बदली होते, लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीतच राहते. जुने ओळखपत्र कपाटात आहे म्हणून घरचे निर्धास्त असतात. पण ओळखपत्र म्हणजे यादीतले नाव नव्हे. नव्या मतदाराने नमुना ६ भरावा. पत्ता बदलला असेल किंवा नावात चूक असेल तर नमुना ८. पूर्वी वय १ जानेवारीलाच मोजत; २०२२ पासून १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखाही धरल्या जातात. तेव्हा बारावीच्या मुलांनी वर्षभर थांबण्याचे कारण नाही. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरते यादीत नाव घालता येत नाही. मग मतदान केंद्रावर कितीही हुज्जत घातली तरी तिथल्या अधिकाऱ्याच्या हाती काही नसते.