एका बेटाची दोन दारे

नवी मुंबईतील नेरूळच्या पश्चिमेस, ठाण्याच्या खाडीलगत, सारसोळे नावाचे एक जुने आगरी-कोळी गाव आहे. 1970 साली सिडकोची स्थापना झाली, ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील 95 गावांच्या भूमीवर नवे शहर वसू लागले आणि पाहता पाहता सारसोळ्याच्या भोवती उंच इमारती उभ्या राहिल्या. खाडी मात्र आपल्या जागी आहे. भरतीच्या वेळी कांदळवनातून होडी बाहेर काढली की पलीकडे ट्रॉम्बेचा डोंगर दिसू लागतो. या पाण्यावर कोणी रेघ ओढलेली नाही. होडीवाल्याने आज या काठाला होडी लावली काय आणि उद्या पुढच्या बंदराला लावली काय, त्यामुळे तो कोणत्या राज्यसत्तेचा मान राखतो व कोणाचा अवमान करतो, असा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही.

परंतु मुलांनो, पृथ्वीच्या पाठीवर असेही एक बेट आहे की, त्याच्या कोणत्या बंदरात आपण पाऊल ठेवतो यावर आपला प्रवास कायदेशीर की बेकायदेशीर हे ठरते. ते बेट म्हणजे सायप्रस होय. मुंबई व नवी मुंबई या परिसरात व्यापारी जहाजांवर नोकरी करणारी पुष्कळ कुटुंबे राहतात. त्यांच्या घरांत सायप्रसमधील लिमासोल या बंदराचे नाव अपरिचित नसते. कारण जहाजांचा कारभार पाहणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांची ती एक प्रमुख पेठ आहे. कोणाचा काका तेथील कंपनीच्या जहाजावर असतो, कोणाची बहीण तेथे शिकावयास जाऊ इच्छिते. अशा घरांतून सायप्रसच्या प्रवेशाचे नियम नीट समजून घेण्याची गरज पडते, आणि ते नियम समजून घ्यावयाचे तर त्या बेटाचा थोडा इतिहास माहीत असावा लागतो.

सायप्रस भूमध्य समुद्राच्या पूर्व कोपऱ्यात आहे. त्याचे क्षेत्रफळ 9,251 चौरस किलोमीटर. 2014 साली पालघर जिल्हा वेगळा होण्यापूर्वी आपला जुना ठाणे जिल्हा जेवढा होता, साधारण तेवढेच हे बेट. त्यावर ग्रीक बोलणारे व तुर्की बोलणारे असे दोन समाज पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आले. 16 ऑगस्ट 1960 रोजी ब्रिटिशांची सत्ता जाऊन बेट स्वतंत्र झाले. पण जाताना ब्रिटनने अक्रोतिरी व डेकेलिया हे दोन लष्करी तळ स्वतःकडे ठेवून घेतले आणि ते आजही त्याच्याकडे आहेत. स्वातंत्र्याला पुरती चार वर्षे झाली नाहीत तोच, 1963 च्या डिसेंबरात, दोन्ही समाजांत दंगली उसळल्या. राजधानी निकोसिया. तिच्यातील लढत्या वस्त्या एकमेकींपासून दूर ठेवण्यासाठी एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने शहराच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने एक रेघ ओढली. तेव्हापासून तिला ‘हिरवी रेषा’ म्हणतात. पेन्सिलीची रेघ रबराने पुसता येते, असे आपण शाळेत शिकतो. ही मात्र साठ वर्षे होऊन गेली तरी पुसली गेलेली नाही.

1964 साली संयुक्त राष्ट्रसंघाने तेथे शांतिसेना पाठविली. या सेनेशी आपल्या देशाचा निकटचा संबंध आहे. तिचे पहिले सेनापती जनरल ग्यानी हे भारतीय होते. त्यांच्यानंतर आलेले जनरल थिमय्या हे आपल्या भूदलाचे माजी प्रमुख. ते 1965 च्या डिसेंबरात निकोसिया येथेच, कामावर असताना निधन पावले. पुढे जनरल प्रेमचंद यांनीही ती जबाबदारी सांभाळली, आणि बेटाच्या सर्वांत कठीण काळात, म्हणजे 1974 साली, तेच तेथे सेनापती होते. त्या वर्षी 15 जुलै रोजी ग्रीसमधील लष्करी राजवटीच्या चिथावणीने बेटावरील सरकार उलथून टाकण्यात आले. पाचच दिवसांनी तुर्कस्तानचे सैन्य उत्तर किनाऱ्यावर उतरले. युद्धविराम होईपर्यंत बेटाचा सुमारे एकतृतीयांशाहून अधिक भाग त्या सैन्याच्या ताब्यात गेला होता. उत्तरेतील दीड लाखाहून अधिक ग्रीक भाषिक घरदार सोडून दक्षिणेकडे आले. दक्षिणेतील हजारो तुर्की भाषिक उत्तरेस गेले. जाताना पुष्कळांनी दारांना कुलपे लावून किल्ल्या बरोबर घेतल्या, कारण आठवड्या-पंधरवड्यात आपण परत येऊ अशी त्यांची समजूत होती.

1983 साली उत्तरेतील पुढाऱ्यांनी ‘उत्तर सायप्रसचे तुर्की प्रजासत्ताक’ असे स्वतंत्र राज्य जाहीर केले. त्यास एकट्या तुर्कस्तानने मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीने ती घोषणा अवैध ठरविली. भारतही सायप्रसच्या एकाच सरकारला मानतो, आणि ते सरकार दक्षिणेतून कारभार करते.

आता प्रवेशाच्या नियमांकडे वळू. परदेशी जाणाऱ्यास दोन गोष्टी लागतात. एक पासपोर्ट, म्हणजे पारपत्र. ते आपले सरकार देते आणि हा मनुष्य आमचा नागरिक आहे असे त्यात सांगते. दुसरी गोष्ट व्हिसा. तो ज्या देशात जावयाचे त्या देशाचे सरकार देते. पारपत्र ही आपल्या घरच्यांनी दिलेली ओळख, तर व्हिसा हे यजमानाचे निमंत्रण होय. भारतीय नागरिकाला सायप्रसचा व्हिसा आधी मिळवावा लागतो. विमानतळावर उतरल्यावर तो मिळत नाही. सायप्रस राष्ट्रकुलाचा सदस्य असल्यामुळे नवी दिल्लीतील त्याच्या वकिलातीस उच्चायोग असे नाव आहे. अर्जासोबत परतीचे तिकीट, राहण्याची सोय, खर्चापुरते पैसे आणि विमा यांची कागदपत्रे द्यावी लागतात. 2004 साली सायप्रस युरोपीय संघात गेला, परंतु शेंगेन नावाच्या सामाईक प्रवेशक्षेत्रात त्या वेळी सामील झाला नाही. त्यामुळे त्याचा व्हिसा वेगळा राहिला. मात्र दोन वा अधिक वेळा प्रवेशाची मुभा असलेला शेंगेन व्हिसा ज्याच्याजवळ असेल त्याला थोड्या मुदतीसाठी येऊ देण्याची सवलत त्याने ठेवली. शेंगेन क्षेत्रात जाण्याची त्याची खटपट चालू असल्याने हे नियम पालटू शकतात. सबब अर्जदाराने ऐकीव माहितीवर विसंबू नये, उच्चायोगाकडेच चौकशी करावी.

एवढे नियम कोणत्याही देशाचे असतात. सायप्रसची अडचण याच्या पुढे आहे. तेथील सरकार म्हणते, “आमच्या बेटावर यावयाचे तर लार्नाका किंवा पाफोस येथील विमानतळावर उतरा, अथवा लिमासोलसारख्या खुल्या बंदरात या.” उत्तरेतील फामागुस्ता व किरेनिया ही बंदरे त्याने 1974 सालीच बंद जाहीर केली. उत्तरेत एर्जान नावाचा विमानतळ आहे. तेथे विमाने तुर्कस्तानातून वा तुर्कस्तानात टेकूनच येतात. या वाटेने जो बेटावर उतरला तो सायप्रस सरकारच्या दृष्टीने मागील दाराने घरात शिरला. त्याला पुढे दक्षिणेत येऊ देण्याचे नाकारता येते. उलट दक्षिणेच्या दाराने, योग्य व्हिसा घेऊन आलेल्या प्रवाशाला मधल्या नाक्यांवरून उत्तरेत जाऊन परत येता येते. म्हणजे पाहा, तेच बेट, तेच गाव, तोच प्रवासी. पण कोणत्या दाराने आला यावर सारे अवलंबून!

एका शिक्क्याचे एवढे महत्त्व का, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर शोधावयास भूमध्य समुद्रापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. आपल्या शेजारच्या गोमंतकाने हाच प्रश्न सोसलेला आहे.

1947 साली भारत स्वतंत्र झाला, तरी गोवा, दमण व दीव ही ठाणी पोर्तुगीजांच्याच ताब्यात राहिली. दीव हे तर बेटच. सावंतवाडी, मालवण, मुंबई येथील कितीतरी घराण्यांची कुलदैवते फोंडे महालात. कोणाचा मंगेश, कोणाची शांतादुर्गा. माहेर बांद्याला आणि सासर पेडण्याला अशा सुना सीमेच्या दोन्ही अंगांना होत्या. मुंबईच्या धोबीतलावाजवळ गोव्याच्या गावागावांच्या लोकांची बिऱ्हाडे असत. जहाजांवर काम करणारे गोवेकर खलाशी दोन सफरींच्या मधल्या काळात तेथे उतरत आणि मिळवलेला पैसा गावी पाठवीत. लोंढ्याकडून मुरगावला जाणारी आगगाडी कॅसलरॉक येथे थांबे. तेथपर्यंत भारत, घाट उतरून कुळे आले की पोर्तुगीज जकातनाका. तेथे पेट्या उघडून पाहत.

1953 साली भारताने लिस्बन येथील आपली वकिलात बंद केली. पुढे जाण्यायेण्यावर परवान्यांची बंधने कडक झाली. 1955 च्या मे महिन्यात सेनापती बापट व नानासाहेब गोरे यांनी सत्याग्रहींची तुकडी घेऊन सीमा ओलांडली. त्यांच्याजवळ परवाना नव्हता आणि त्यांनी तो मागितलाही नव्हता. येथेच या गोष्टीचे मर्म आहे. परवाना मागावयाचा तर तो देण्याचा अधिकार पोर्तुगीजांना आहे असे मानावे लागते. आणि गोवा ही आपलीच भूमी असे सांगत असताना तेथे जाण्यासाठी परक्यापुढे कागद कसा धरावा? त्याच वर्षी 15 ऑगस्ट रोजी पत्रादेवी व अन्य नाक्यांवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडण्यात आल्या आणि अनेकांनी प्राण दिले. त्यानंतर भारताने सीमा बंद केली. आगगाडी थांबली, मुंबईच्या बोटी थांबल्या, पैसे पाठविण्यावरही निर्बंध आले. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, त्यानंतर या वाटा पुन्हा मोकळ्या झाल्या. मधल्या सहा वर्षांत ज्यांचे आईबाप पलीकडे वारले आणि ज्यांना अंत्यदर्शनास जाता आले नाही, त्यांच्या दुःखाची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात सापडावयाची नाही.

सीमेवरून कोणाला जाऊ द्यावे हा प्रश्न त्या काळी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंतही गेला. दमणहून दादरा व नगर हवेली येथे जाण्यासाठी भारताच्या मुलखातून वाट मिळण्याचा आपला हक्क आहे, असा दावा पोर्तुगालने 1955 साली मांडला. 12 एप्रिल 1960 रोजी निकाल लागला. खासगी माणसे, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांना वाटेचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे यांना तो नव्हता. आणि त्या वेळच्या परिस्थितीत वाट नाकारण्यात भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, असे न्यायालयाने म्हटले. भाकरी घेऊन जाणारा मनुष्य आणि बंदूक घेऊन जाणारा मनुष्य यांत न्यायालयाने फरक केला, तो मला फार योग्य वाटतो.

पुन्हा सायप्रसकडे येऊ. 23 एप्रिल 2003 पर्यंत तेथील सामान्य माणसाला हिरवी रेषा जवळजवळ ओलांडताच येत नव्हती. त्या दिवशी उत्तरेकडून अकस्मात नाके उघडले गेले आणि हजारो माणसे रांगा लावून पलीकडे गेली. एकोणतीस वर्षे जपलेल्या किल्ल्या घेऊन लोक आपली घरे पाहावयास निघाले. कित्येकांना दारात दुसरेच कुटुंब भेटले. काही ठिकाणी त्या कुटुंबाने पाहुण्यांना आत बोलावून कॉफी दिली व जपून ठेवलेली जुनी छायाचित्रे त्यांच्या हाती परत केली. पण दक्षिणेतील पुष्कळ ग्रीक भाषिक त्या रांगेत उभे राहिले नाहीत. “माझ्याच देशात, माझ्याच घरी जाण्यासाठी मी पारपत्र दाखवणार नाही,” असे त्यांचे म्हणणे. गोव्याच्या सत्याग्रहींचा युक्तिवाद आठवला म्हणजे हा हट्ट आपल्याला परका वाटत नाही. तथापि जे गेले त्यांना दोष द्यावा असेही मला वाटत नाही. आईची कबर पलीकडे असेल तर मनुष्य राज्यशास्त्राचा विचार किती करणार? शिक्क्याचा हा पेच सोडविण्यासाठी उत्तरेच्या नाक्यांवर पारपत्रावर शिक्का न मारता सुट्या कागदावर मारण्याची युक्ती अनेक वर्षे वापरली गेली. कागद खिशात राहतो, पारपत्र कोरे राहते आणि दोन्ही बाजूंचा मान जागच्या जागी राहतो.

आपल्याकडील तरुणांच्या दृष्टीने एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी येणाऱ्या पत्रावर केवळ ‘सायप्रस’ असे लिहिलेले असते. ती संस्था रेषेच्या कोणत्या बाजूस आहे, हे पत्रावरून पुष्कळदा कळत नाही. दलाल ते सांगेलच असा भरवसा नाही. विमानाचे तिकीट तुर्कस्तानमार्गे एर्जानचे असेल तर जाणे उत्तरेत आहे, हे ओळखावे. उत्तरेतील राजवटीस भारताची मान्यता नाही आणि तेथे भारताची वकिलातही नाही. पारपत्र हरवले, आजारपण आले, मालकाने वेतन अडवले, तर दाद मागावयाची कोणाकडे? निकोसियातील भारतीय उच्चायोग रेषेच्या दक्षिणेस आहे. आणि मागील दाराने आलेल्यास रेषा ओलांडून तेथवर पोहोचणेच कठीण. काही मैलांचे अंतर, पण समुद्राएवढे रुंद. खलाशांचीही गोष्ट वेगळी नाही. सायप्रसचा ध्वज लावलेल्या जहाजांना तुर्कस्तानने आपली बंदरे दीर्घकाळ बंद ठेवली आहेत, आणि उत्तरेतील बंद बंदरात जाणाऱ्या जहाजावर सायप्रसचा कायदा कारवाई करू शकतो. म्हणून जहाजाच्या कप्तानाला नकाशावर केवळ खडक व उथळ पाणी पाहून भागत नाही.

3 एप्रिल 2008 रोजी निकोसियाच्या जुन्या पेठेतील लेड्रा रस्त्यावरचा नाका उघडला. आज त्या रस्त्याने चालत जाणारा प्रवासी दुकानांच्या रांगेतून एका चौकीपाशी येतो, पारपत्र दाखवतो, मधला थोडासा निर्मनुष्य भाग ओलांडतो, दुसऱ्या चौकीत पुन्हा पारपत्र दाखवतो आणि पुढच्याच दुकानावर त्याला दुसऱ्या लिपीतील पाटी दिसते. शहराच्या पश्चिमेस, दोन्ही सैन्यांच्या मधल्या पट्ट्यात, निकोसियाचा जुना विमानतळ आहे. 1974 च्या युद्धानंतर तेथे नियमित प्रवासी वाहतूक पुन्हा सुरू झालेली नाही. धावपट्टीच्या कडेला एक मोडके विमान उभे आहे आणि आतल्या खुर्च्यांवर धूळ साठली आहे. बेट एक होते तेव्हा परदेशी पाहुणे त्याच दाराने येत असत.