रात्री शिकलेला कारागीर

आकाशात विमान घरघरले की आपण मान वर करून बघतो. ते उडते एंजिनाच्या बळावर. अशी एंजिने करणारा इंग्लंडातला मोठा कारखाना म्हणजे रोल्स-रॉइस. त्याची गोष्ट आज वाचू या.

हेन्री रॉइस १८६३ साली जन्मला. बापाचा पिठाच्या गिरणीचा धंदा बुडाला. हेन्री ९ वर्षांचा असताना बापही वारला. शाळा झाली ती जेमतेम एक वर्ष. पोराने वर्तमानपत्रे विकली, तारा वाटल्या. पुढे रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी मिळाली. पण तीन वर्षांत फीचे पैसे संपले, उमेदवारी अर्धीच राहिली. तरी त्याने पुस्तक सोडले नाही. लंडनला दिवसा काम करावे आणि रात्रीच्या वर्गाला जावे, असा त्याचा क्रम होता.

१८८४ साली त्याने मँचेस्टरला विजेच्या सामानाचा छोटा कारखाना काढला. पुढे एक जुनी मोटार घेतली. तिचे दोष शोधले आणि १९०४ साली स्वतःची चांगली मोटार केली. त्याच वर्षी श्रीमंत घरचा चार्ल्स रोल्स त्याला भेटला. १९०६ साली दोघांची कंपनी झाली. १९१० साली रोल्स विमानाच्या अपघातात गेला. रॉइस खचला नाही.

१९१४ साली महायुद्ध पेटले. तेव्हा रॉइसने विमानाचे 'ईगल', म्हणजे गरुड, हे एंजिन केले. अशा दोन एंजिनांच्या बळावर १९१९ साली अल्कॉक आणि ब्राउन यांनी अटलांटिक महासागर कुठेही न थांबता ओलांडला. असे पूर्वी कोणी केले नव्हते. १९३३ साली रॉइस वारला. १९४० साली ब्रिटनच्या आकाशात लढाई झाली, तेव्हा स्पिटफायर आणि हरिकेन या विमानांत याच कारखान्याचे 'मर्लिन' एंजिन होते.

एवढे मोठे नाव! पण १९७१ साली त्याचेही दिवाळे निघाले. नव्या जेट एंजिनाची किंमत आधीच ठरवून दिली होती. खर्च मात्र फुगत गेला. पंख्याची पाती कार्बनच्या धाग्यांची, वजनाला हलकी केली होती. पक्षी धडकला तर काय होईल, हे बघण्यासाठी त्यांवर मेलेली कोंबडी जोराने फेकली. पाती फुटली! मग टायटॅनियम धातूची पाती बसवावी लागली. सरकारने कारखाना हाती घेतला. ते एंजिन १९७२ साली प्रवासी विमानांतून उडू लागले. १९८७ साली कारखाना पुन्हा खाजगी झाला.

आमच्या रात्रीच्या वर्गात कोणीतरी म्हणतोच, "गुरुजी, आता या वयात काय शिकायचे?" त्याला आम्ही रॉइसची गोष्ट सांगतो. दोष दिसला तर लाजू नये, तो सुधारावा. आणि आधी नीट तपासावे, मग शब्द द्यावा.

प्रश्न :
१. रॉइस किती वर्षे शाळेत गेला?
२. १९७१ साली कारखान्याचे दिवाळे का निघाले?