सहाशेच्या खुणेनंतर

आठशे मीटरच्या शर्यतीत सहाशेची खूण मागे पडली की आपलंच शरीर आपलं ऐकेनासं होतं. मांड्या जड होतात, गुडघे वर येत नाहीत, खांदे कानांकडे चढतात, मान मागे जाते. डोकं ‘पळ’ म्हणत असतं आणि पाय जागच्या जागी पडत असल्यासारखे वाटतात. शेवटची रेघ दिसत असते, पण जवळ येत नाही. मैदानावर याला पाय भरले म्हणतात, दम तुटला म्हणतात.

हे मी कित्येकदा भोगलं आहे. त्यातली एक आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतली शर्यत. मातीचा ट्रॅक, चुन्याच्या रेघा, टळटळीत दुपार. पहिल्या वळणापासून मी पुढे होतो आणि शेवटच्या चारशेची घंटा वाजली तेव्हा माझ्या मागे चांगलंच अंतर पडलं होतं. पाचशेपर्यंत दम लागल्याची जाणीवसुद्धा नव्हती. शेवटच्या वळणावर एक जण बाजूने निघून गेला, सरळ भागात आणखी तिघं गेले. मागून स्पाइक्सचा आवाज येतो, खांद्याशी येतो, मग पुढे जातो. ज्याने तो ऐकला आहे त्याला जास्त सांगायला नको. शर्यत संपल्यावर आमच्या मार्गदर्शकांनी सगळ्यांसमोर निकाल दिला, “शेवटी जिगर कमी पडली.” मी ते खरं मानलं आणि पुढे कितीतरी महिने शेवटच्या शंभर मीटरच्या स्प्रिंट मारत राहिलो. शर्यतीत घडायचं ते तसंच घडत राहिलं.

आता तालुक्याच्या मैदानावर पहाटे जी मुलंमुली माझ्याकडे पळायला येतात, त्यांच्या तोंडीही हेच वाक्य असतं. “सर, शेवटी जानच नव्हती.” म्हणून हे लिहितो आहे. शेवटच्या दोनशेत जो गळपटतो त्याची जिगर बहुतेक वेळा शाबूत असते. पहिले दोनशे मीटर त्याने गरजेपेक्षा दोन-तीन सेकंद लवकर काढलेले असतात, एवढंच.

सुरुवातीला वेग फुकटचा वाटतो, त्याला कारण आहे. पिस्तुलाचा आवाज झाला की अंगात उसळी येते. स्नायूंमध्ये काही सेकंद पुरेल इतकं तयार इंधन साठवलेलं असतं. श्वास अजून चढलेला नसतो. शरीराचं ऑक्सिजन घेणं पुऱ्या क्षमतेला पोहोचायला साधारण मिनिटभर जातं आणि तोवरचा बराचसा खर्च उधारीवर चालतो. या उधारीत स्नायूंमधली आम्लता वाढत जाते आणि त्यांचं आकुंचन मंदावतं. (लोक सगळा दोष लॅक्टिक अ‍ॅसिडला देतात. खरं तर लॅक्टेट हे शरीर इंधन म्हणूनही वापरतं. ते बिचारं या गुन्ह्यात नुसतं जागेवर सापडतं.) वेग जितका जास्त, तितकी ही आम्लता कितीतरी झपाट्याने चढते. पहिल्या दोनशेत वाचवलेले दोन सेकंद शेवटच्या दोनशेत चार-पाच सेकंद होऊन अंगावर येतात.

आठशेत थोडं मंदावणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं. लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली केनियाच्या डेव्हिड रुडिशाने १ मिनिट ४०.९१ सेकंदांचा विश्वविक्रम केला. त्याचा पहिला राउंड, म्हणजे पहिले चारशे मीटर, ४९.२८ सेकंदांचा होता आणि दुसरा ५१.६३ सेकंदांचा. जगातला सर्वांत वेगवान आठशे धावणारासुद्धा दुसऱ्या राउंडला सव्वादोन सेकंदांहून जास्त मंदावला. पहिल्या आणि दुसऱ्या राउंडमध्ये दोनेक सेकंदांचा फरक हा आठशेचा निरोगी हिशेब समजा. २ मिनिटांत आठशे काढू पाहणाऱ्याने दोनशेला २९, घंटेला ५९ आणि सहाशेला १ मिनिट २९ सेकंद असं यावं. तोच मुलगा दोनशेला २६ आणि घंटेला ५५ ने आला की घड्याळाकडे न बघताही सांगता येतं, हा २ मिनिटं ३-४ सेकंदांवर जाणार. कदाचित त्याहून मागे.

भरतीच्या मैदानावर हे आणखी ठळक दिसतं. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. गावाकडची धडधाकट पोरं, घरी जमीन थोडी, नोकरीची आस मोठी. शिट्टी वाजते आणि सगळा घोळका पहिल्या वळणावर शंभर मीटरची शर्यत असल्यासारखा सुटतो. मागे पडलो तर संपलो, ही भीती प्रत्येकाच्या मनात असते. ५ मिनिटं १० सेकंदांचं लक्ष्य धरलं तर चार राउंड ७८, ७८, ७८ आणि ७६ सेकंदांत काढायचे असतात. पहिला राउंड ६६ मध्ये काढलेला मुलगा तिसऱ्या राउंडला नव्वदीत जातो आणि पहिल्याच राउंडला ‘मागे पडलेला’ मुलगा त्याला सहज गाठतो. इथे तुमची स्पर्धा घड्याळाशी आहे. शेजारचा पुढे गेला तर जाऊ द्या. मुलींनाही माझं हेच सांगणं असतं. २ मिनिटं ५० सेकंदांत ८०० काढायचं असेल तर घंटेला ८४ पुरे, ७४ नको.

पण पदकासाठी धावायचं असेल तर घड्याळाचा हिशेब पुरत नाही. तिथे माणसं असतात आणि त्यांच्यात जागा मिळवावी लागते.

श्रीराम सिंग यांचं नाव भारतात मध्यम पल्ला पळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये आठशेच्या अंतिम फेरीत घंटेपर्यंत ते सर्वांत पुढे होते. पहिला राउंड साधारण ५१ सेकंदांचा. त्यांच्या खांद्याशी क्यूबाचा अल्बर्टो हुआंतोरेना होता. तो पुढे १ मिनिट ४३.५० सेकंदांचा विश्वविक्रम करून जिंकला आणि श्रीराम सिंग १ मिनिट ४५.७७ सेकंदांत सातवे आले. म्हणजे दुसऱ्या राउंडला ते जवळपास चार सेकंदांनी मंदावले. पदक गेलं, हे खरं. पण त्या दिवशीची त्यांची वेळ ४२ वर्षं भारताचा विक्रम म्हणून टिकली. २०१८ मध्ये जिन्सन जॉन्सनने तो विक्रम मोडला. पुढून धावणाऱ्याला मूर्ख ठरवणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो. ज्याच्याकडे शेवटची झेप नाही, त्याने शर्यत संथ होऊ दिली तर झेप असलेला त्याला शेवटच्या शंभरात खाऊन टाकणारच. आपली आठशेची धावपटू टिंटू लुका आयुष्यभर पुढूनच धावली. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत शेवटी मागे पडून ती सहावी आली, तेव्हा लोकांनी तिला फार बोल लावले. त्याच पद्धतीने धावून तिने २०१४ मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत १ मिनिट ५९.१९ सेकंदांत रौप्यपदक घेतलं. आपण कोणत्या जातीचे धावपटू आहोत हे आधी ओळखावं. ज्याचे चारशे मीटर वेगवान, त्याने मागे थांबून धावावं. ज्याचा दम मोठा पण स्प्रिंट बेताची, त्याने पुढे जावं, पण पहिल्या दोनशेत नव्हे. तिसऱ्या दोनशेत, म्हणजे चारशे ते सहाशे, वेग पडू देऊ नये. सगळ्यांची शर्यत तिथे आपोआप मंदावते आणि तिथे जो टिकून राहतो तो न उसळताच पुढे येतो.

जागेचं महत्त्व मुलांना सांगून पटत नाही, म्हणून आकडा देतो. लेन १.२२ मीटर रुंद असते. एक वळण दुसऱ्या लेनमधून घेतलं की सुमारे पावणेचार मीटर जास्त पळावं लागतं. २ मिनिटांच्या वेगाने हा अर्ध्या सेकंदाहून जास्त तोटा आहे. दोन-तीन वळणं बाहेरून घेतली की पदक तिथेच गेलं. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा सेबॅस्टियन को आठशेचा विश्वविक्रमवीर होता, १ मिनिट ४२.३३ सेकंद. अंतिम फेरीत पहिला राउंड संथ गेला, को मागे आणि बाहेरून धावत राहिला, आणि स्टीव्ह ओवेटने १ मिनिट ४५.४० सेकंदांत सुवर्ण नेलं. को दुसरा. दम त्याच्याकडे भरपूर होता, जागा चुकली. काही दिवसांनी त्याच माणसाने १५०० मीटरचं सुवर्ण जिंकलं.

म्हणून पहिल्या वळणानंतर लेन सुटते तेव्हा एकदम आत घुसू नका. समोरच्या सरळ भागात तिरकं, सावकाश आत या. पुढच्याच्या उजव्या खांद्यामागे, दुसरं किंवा तिसरं राहा. तिथून बाहेर पडायला वाट असते आणि वळणावर जादा अंतरही पडत नाही. आतल्या कडेला अडकलात, चोहोबाजूंनी माणसं आली, तर कोपर मारून वाट काढू नका आणि वेग तोडून थांबूही नका. अर्धं पाऊल मागे सरका, बाहेर या. शर्यत लांबते तशी माणसं पांगतात आणि फट मिळते. ओलांडायचं ते शक्यतो सरळ भागात.

आणि मुसंडी एकदाच मारायची. चारशेला एकदा, सहाशेला पुन्हा एकदा, असं करणाऱ्याकडे शेवटी काहीच उरत नाही. २८ ऑगस्ट २०१८ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत आठशेच्या शर्यतीत मनजीत सिंगने एकाच मुसंडीत जिंकून दाखवलं. सगळ्यांची नजर जिन्सनवर होती. मनजीत मागून आला, शेवटच्या शंभरात एकदाच बाहेर पडला आणि १ मिनिट ४६.१५ सेकंदांत सुवर्ण नेलं. जिन्सन १ मिनिट ४६.३५ सेकंदांवर दुसरा. १५०० मध्येही हाच धडा उलट्या बाजूने मिळतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिग्तसेनने पहिले चारशे मीटर ५५ सेकंदांच्या आत काढले आणि तो शेवटच्या शंभर मीटरपर्यंत पुढे होता. निकाल लागला तेव्हा तो चौथा होता.

पाय भरलेच तर काय करायचं? लांब ढांगा टाकू नका, त्याने प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो. खांदे खाली सोडा, जबडा सैल करा, हात छातीवर आडवे जाऊ न देता पुढे-मागे हलवा. पावलं छोटी पण झटपट टाका. वेग वाढणार नाही, पण पडणारा वेग सावरेल, आणि शेवटच्या पन्नासात तेवढंच पुरतं.

सरावात स्प्रिंटपेक्षा अंदाजावर मेहनत घ्या. शर्यतीच्या वेगाने दोनशे मीटर आठ-दहा वेळा पळा, घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्या आणि थांबल्यावर आपली वेळ आपणच सांगा. अर्ध्या सेकंदाच्या आत अंदाज यायला लागेपर्यंत हे सोडू नका. आठवड्यातून एकदा शर्यतीच्या वेगाने सहाशे, थोडी विश्रांती, मग दोनशे. भरलेल्या पायांनी कसं पळायचं ते तिथे कळतं. रोजचं सावकाश, लांब पळणं टाळू नका. आठशेलासुद्धा साधारण दोन तृतीयांश ऊर्जा ऑक्सिजनच्या आधारानेच तयार होते, १५०० ला त्याहून जास्त. शर्यतीआधी नुसते हातपाय ताणू नका, दहा-पंधरा मिनिटं आधी एक चांगला वेगाचा तुकडा पळून घ्या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पाय भरणं वेगळं आणि चक्कर, छातीत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं वेगळं. भरतीच्या मैदानावर मुलं कोसळून दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. अशी लक्षणं दिसली तर थांबा आणि डॉक्टरकडे जा. उपाशीपोटी, रात्रभर बस स्टँडवर जागून, तापात पळू नका. कुणी दम वाढवणारं इंजेक्शन देऊ केलं तर त्या माणसाची संगतच सोडा.

आता घरच्यांना आणि मित्रांना. शेवटच्या रेघेवर उभं राहून “पळ, पळ” ओरडू नका. तिथवर आलेल्याला पळायचं आहे हे ठाऊक असतं. दोनशेच्या खुणेवर उभे राहा, हातात घड्याळ धरा आणि मोठ्याने नुसता आकडा सांगा. २९ चं ठरलं असेल आणि पोरगं २९ ला आलं, तर “बरोबर”. २६ ला आलं, तर “सोड थोडं, सोड”.