चढ आपला, माप आपलं

विक्रेत्याशी झालेलं सगळं बोलणं माझ्या फोनमध्ये तारीखवार जपलेलं आहे. ते मी पुसणार नाही. कारण आता तो म्हणतो की गाडी बागेसाठी हवी, हे मी सांगितलंच नव्हतं. माझ्या पहिल्याच निरोपात लिहिलेलं आहे: राजापूर तालुक्यात हापूसची बाग, घर खाली वाडीत, कलमं वर सड्यावर, मधली वाट जांभ्याची आणि चढाची. सोबत वाटेचे फोटो होते. त्यावर त्याचं उत्तर: "मॅडम, ही बीस्ट आहे. तुमची वाट हिच्यापुढे काहीच नाही."

उभं राहून चालवायची, जाड दातेरी टायरांची परदेशी स्कूटर. ६० व्होल्ट, २८ अँपिअर-तासांची बॅटरी, दोन्ही चाकांत मोटर. जाहिरातीत ५६०० वॅट, ताशी ७० किलोमीटर, एका चार्जिंगला ९० किलोमीटर. आंब्याचा हिशेब होऊन हातात आलेल्या पैशातले दीड लाखाहून जास्त तिच्यात गेले. मोटारसायकल का नाही घेतली, असं मला विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा राखणीच्या दिवसांत रात्री आमच्या गडग्यांमधल्या अरुंद वाटेने मोटारसायकल वर नेऊन दाखवावी.

गाडी आली आणि पहिल्याच आठवड्यात चढाच्या मध्यावर तिने दम सोडला. मागच्या मोटरला हात लावला तर चटका बसला. मी फोन केला. तो म्हणाला, "एकाच मोटरवर चालवा, रेंज वाढेल." हा सल्ला चढाला उलटा आहे, हे मला नंतर कळलं. चाकात बसवलेल्या या मोटरांना गिअर नसतात. चाक हळू फिरतं आणि जोर मात्र पूर्ण लागतो, तेव्हा विजेचा मोठा भाग उष्णता होऊन मोटरमध्येच साठतो. सगळा भार एका मोटरवर टाकला तर ती अधिकच तापते. चढावर दोन्ही मोटरा चालू ठेवायच्या आणि फार रेंगाळायचं नाही, हेच बरोबर. दीड लाखाची गाडी विकणाऱ्याला एवढं ठाऊक असायला हवं होतं.

पुढच्या फोनला तो म्हणाला, "तुमचं वजन किती आहे, मॅडम?" त्याच्या पुढच्या फोनला, "ऑफ-रोड म्हणजे एवढं ऑफ-रोड नाही हो." आणि एकदा, "घरात कुणी गाडीतलं कळणारं माणूस आहे का? त्यांना फोन द्या." मी गेली अनेक वर्षं एकटीने बाग सांभाळते. पंप, फवारणीचं मशीन, ग्रास कटर, सगळं मीच उघडते आणि मीच जोडते. त्याचं ते वाक्य मी विसरलेले नाही.

आता मुख्य गोष्ट. बागेला पाइपलाइन टाकली तेव्हा पंपघरापासून वरच्या टाकीपर्यंत, वाटेच्या कडेकडेने, एक हजार मीटर पाइप लागला. त्याची पावती माझ्याकडे आहे. पंप निवडताना चढही मोजून घेतला होता, तो १२० मीटर. त्यामुळे या वाटेचं माप मला कुणी सांगायला नको. एका संध्याकाळी पंपघराशी स्क्रीनवरचा आकडा शून्यावर आणला आणि वर गेले. टाकीपाशी तो १.२ किलोमीटर दाखवत होता. वळणावळणाने आले म्हणून असेल असं वाटलं, म्हणून उतरताना पुन्हा बघितलं. पुन्हा १.२. तिथेच उभी राहिले. पाइप खोटा बोलत नाही. मग आकडा खोटा होता.

भाच्याला बोलावलं. त्याने फोनवर जीपीएस लावला आणि सड्यावरच्या सपाटीवर गाडी चालवली. स्क्रीनवर ३६ असताना फोनवर ३०. स्क्रीनची दोन बटणं एकदम दाबून धरली की आतली सेटिंग उघडते, हे त्यानेच शोधून काढलं. तिथे चाकाच्या व्यासाच्या जागी १२ इंच भरलेले होते. टायरवर ठळक छापलेलं होतं १० इंच.

याचा अर्थ सरळ आहे. गाडी चाकाचे फेरे मोजते आणि त्यांना सेटिंगमधल्या मापाने गुणते. चाक दहा इंचांचं आणि माप बाराचं, म्हणजे वेगही फुगतो आणि अंतरही फुगतं. सहा डझनांची पेटी म्हणून पाच डझन आंबे द्यावेत, तसा हा प्रकार. आमच्या धंद्यात हे एकदा उघड झालं की गिऱ्हाईक पुन्हा दारात येत नाही. मी तोवर विक्रेत्याला कळवत होते की एका चार्जिंगला ३८ किलोमीटर मिळतात, आणि तो म्हणत होता की चढाला इतकं ठीकच आहे. खरे मिळत होते जेमतेम ३२.

त्याला सेटिंगचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "ती फॅक्टरी सेटिंग आहे, सगळ्यांना तशीच येते." थोड्या वेळाने दुसरं उत्तर आलं, "तुम्हीच बटणं दाबली असतील." दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. दोन्ही निरोप माझ्याकडे आहेत.

यानंतर मी प्रत्येक आकड्याच्या मागे लागले. अशी गाडी घ्यायचा विचार करणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं, कारण हे कुठलाही विक्रेता आपणहून सांगणार नाही.

मोटरवर लिहिलेल्या वॅटला फार अर्थ नसतो. ५६०० हा क्षणभराचा सर्वोच्च आकडा म्हणून लिहितात. मोटरला किती करंट द्यायचा ते कंट्रोलर ठरवतो. मी गाडीची पाटी उघडून पाहिलं तर दोन कंट्रोलर होते, प्रत्येकी २५ अँपिअरचे. ६० व्होल्ट गुणिले २५ म्हणजे १५००, दोन्ही मिळून ३०००. बॅटरीतून त्याहून फारशी जास्त ताकद निघायला वाटच नाही. म्हणून "किती वॅट" असं विचारू नका. "कंट्रोलर किती अँपिअरचा" हे विचारा आणि त्याच्यावरच्या पट्टीचा फोटो मागा. जो देत नाही त्याला सोडा.

रेंजचंही तसंच. जाहिरातीतला आकडा साधारण सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या माणसाचा, सपाट गुळगुळीत रस्त्याचा आणि संथ वेगाचा असतो. आपला आकडा आपण काढायचा. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे बॅटरीतले वॅट-तास. माझ्या गाडीत १६८०. त्यातले सगळे वापरायला मिळत नाहीत, चौदाशेच्या आसपास धरा. आता चढ. माणूस, गाडी आणि सामान यांचं किलोतलं वजन गुणिले मीटरमधला चढ, त्याला ३६७ ने भागा. माझं सगळं मिळून १२५ किलो, चढ १२० मीटर, म्हणजे ४१ वॅट-तास, आणि हे फक्त वजन वर उचलायला. खडी-मातीत चाक ओढायला आणखी खर्च येतो, आणि मोटर-कंट्रोलरमध्ये उष्णता होऊन बराच भाग वाया जातो. एका वेळच्या चढाला ऐंशीच्या पुढेच धरावं लागतं. चौदाशेला त्याने भागा, म्हणजे वर किती वेळा जाल ते कळेल. ९० किलोमीटर त्यात कुठेही बसत नाहीत. हा हिशेब मला वहीच्या एका पानावर करता आला. ज्याने "तुमची वाट काहीच नाही" म्हणून सांगितलं, त्यालाही तो करता आला असता.

बॅटरीची टक्केवारी बघू नका, व्होल्ट बघा. ६० व्होल्टची म्हणून विकतात ती बॅटरी पूर्ण भरल्यावर ६७.२ दाखवायला हवी. चढावर पूर्ण जोर दिला की आकडा खाली येतो आणि जोर काढला की वर येतो. सारख्याच व्होल्टच्या, सारख्याच कंट्रोलरच्या, पूर्ण भरलेल्या दोन गाड्यांमधून निवडायची असेल तर एकाच चढावर, एकाच माणसाने, दोन्ही चालवून कुणाचे व्होल्ट जास्त पडतात ते पाहावं. जास्त पडणारीची बॅटरी कमजोर. सपाट शोरूमपुढे दहा पावलं फिरवून हे कधीच दिसत नाही.

ब्रेक चांगले होते, हे सांगितलंच पाहिजे. दोन्ही चाकांना हायड्रॉलिक डिस्क, ओल्या मातीतही भरवशाचे. पण सोबत मोटरचा ब्रेकही असतो, जो उतारावर बॅटरीत वीज परत ढकलतो. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर तिला ती घेता येत नाही, आणि संरक्षणासाठी काही गाड्यांत तो ब्रेक अचानक बंद होतो. ज्यांचं घर चढाच्या माथ्यावर आहे त्यांनी सकाळी भरलेल्या गाडीवर त्याच्या भरवशाने उतरू नये. पहिला उतार हातातल्या ब्रेकवर, सावकाश.

हँडलचा दांडा जिथे दुमडतो तिथला खिळखिळेपणा रोज तपासा. चाकाच्या आसाचे नट तर खास तपासा. मोटर आसालाच पीळ देते. नट सैल झाला तर आस खोबणीत फिरून वायर तुटते. पंक्चर ही वेगळी डोकेदुखी. मोटर असलेलं चाक नाक्यावरचा पंक्चरवाला हातात घेत नाही. ट्यूब आणि टायर कुठे मिळतात, किती दिवसांत येतात, हे घेण्याआधी लेखी घ्या. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, दिवे, हे सगळे सांगतातच, वापरा. दहा इंचांचं चाक आंब्याच्या मुळाला आपटलं की माणूस पुढे फेकला जातो.

पाऊस. विक्रेता म्हणाला होता "वॉटरप्रूफ". गाडीवर लिहिलंय आयपीएक्स ४. त्याचा अर्थ उडालेल्या पाण्यापासून संरक्षण, इतकाच. वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात त्या संरक्षणाचा उपयोग फार तर मे महिन्यापर्यंत. पऱ्या ओलांडायची गोष्टच सोडा. आणि वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरांत होतं: पाण्याने झालेलं नुकसान धरलं जाणार नाही.

कायद्याचंही त्याने चुकीचं सांगितलं, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण यात एखादा पोरगा जिवाला मुकेल. "लायसन्स नको, नंबर नको, २५ ला लॉक करून चालवा," असं तो प्रत्येकाला सांगतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सूट आहे ती २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या गाडीला, आणि तीही मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेली हवी. बटणाने वेग कमी केला म्हणून हजारो वॅटची गाडी त्यात बसत नाही. तिला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता नसेल तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर विमा नाही. स्वतःच्या बागेत चालवा. सार्वजनिक रस्त्यावर कुणाला धडक बसली तर भरपाई आपल्या घरातून जाते. २०२२ साली इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्या, तेव्हा सरकारने एआयएस-१५६ या मानकातल्या बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. त्या चाचण्या नोंदणी होणाऱ्या गाड्यांना लागू आहेत. मान्यतेशिवाय आलेल्या गाडीची बॅटरी त्यातून गेली आहे की नाही, याची हमी कोण देणार? म्हणून माझी गाडी घरात, माळ्याखाली, गवताच्या पेंढ्यांजवळ कधी चार्ज होत नाही. पंपघराच्या बाहेरच्या चौथऱ्यावर, गार झाल्यावर, तिच्याच चार्जरने आणि कुणी जागं असताना.

पैसे परत मागितले तेव्हा त्याने "एक फ्री सर्व्हिसिंग देतो" म्हटलं. मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेत्याच्या मुंबईत जावं लागत नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. सुरुवातीला १९१५ या हेल्पलाइनवर फोन केला तरी पुढची वाट कळते. जाहिरातीचं पान, पावती, निरोप आणि सेटिंगचा फोटो जपून ठेवा. फोनवर बोलणं झालं की लगेच "आपलं असं बोलणं झालं" म्हणून लिहून पाठवा. त्याने नाकारलं नाही, तर तेही कामाला येतं.

अशी गाडी तुमच्याकडे आधीच असेल तर टायरवरचं माप आणि सेटिंगमधलं माप आजच ताडून बघा. आणि घ्यायची असेल तर विक्रेत्याला ती तुमच्या चढावर आणायला सांगा. त्याच्या समोर फोनचा जीपीएस लावून तुमच्या वजनाच्या माणसाला दोन फेऱ्या मारू द्या. याला जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका, मग किंमत कितीही कमी सांगो.