ओल आणि उतावीळपणा

घरात पूर शिरणे हे संकट एका रात्रीचे असते. पण त्या घराच्या भिंती वाळणे हे काम ऋतूचे असून ते माणसाच्या सोयीने उरकत नाही, हा धडा २६ जुलै २००५ च्या पुराने आमच्या भागातील अनेक कुटुंबांना दिला, आणि २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकून पडली त्या वेळी उल्हास नदीकाठच्या वस्त्यांना त्याची उजळणी करावी लागली.

सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला त्या दिवशी, अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराच्या अंगाने वाहणारी, एरवी नाल्यासारखी दिसणारी वालधुनी नदी आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या तळमजल्यात छातीइतकी चढली. पाणी ओसरले, पंचनामे झाले, आणि लगेच सर्वांच्या मुखी एकच प्रश्न आला, तो म्हणजे गणपतीचा. चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, आणि उघड्या, डागाळलेल्या भिंतीसमोर मूर्ती कशी बसवायची, ही चिंता प्रामाणिक होती. ‘अ’ विंगच्या रहिवाशांनी पदरचे पैसे काढले. ठेकेदाराने हाताला कोरडी लागणारी भिंत दाखवून लांबी भरली, वर तैलरंग चढविला, आणि चतुर्थीस घरे आरशासारखी झाली. ‘ब’ विंगची वर्गणी मात्र जमता जमेना, सबब तेथील भिंती खरवडलेल्या अवस्थेत तशाच राहिल्या. तो विवेक नव्हता, निव्वळ तंगी होती. तथापि दिवाळीपर्यंत ‘अ’ विंगच्या रंगाला फोड आले, पोपड्यांखालून पांढरा लोणा फुटला, कपाटांमागे काळी बुरशी पसरली, आणि उंबरठ्यातच कुबट वास येऊ लागला. उलट ‘ब’ विंगने थंडीत दिलेला रंग पुढील पावसाळेही टिकला.

याचे कारण साध्या हिशेबात सापडते. तीन किलोची वीट आपल्या वजनाच्या पंचमांशापर्यंत, म्हणजे सुमारे सहाशे ग्रॅम, पाणी पिऊ शकते. श्रावणात हवेतील आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात असते. अशा वेळी दहा बाय बारा फुटांच्या खोलीतील सगळी हवा मिळून जेमतेम शंभर ग्रॅम बाष्प अधिक सामावून घेऊ शकते. एका विटेचे पाणी न्यायला सहा खोल्या भरतील इतकी हवा लागते. मग भिंतीत विटा किती असतात, हे वाचकांनीच मोजावे. म्हणूनच संततधारेच्या दिवसांत खिडक्या सताड उघड्या टाकून भिंत वाळत नाही, प्रसंगी उलट ओल घेते. बाहेर झड असेल तेव्हा दारे-खिडक्या लावून घ्याव्यात आणि आर्द्रता शोषणारे यंत्र, ते नसल्यास एअर कंडिशनर, चालवावे. उघडीप पडली की समोरासमोरच्या खिडक्या उघडून एका खिडकीत आतील हवा बाहेर फेकणारा पंखा लावावा. हॅलोजनचे दिवे भिंतीला भिडवून तिला शेकणे मात्र टाळावे, कारण वरचा थर तडकतो आणि आतील ओल तशीच राहते.

आता कामाचा क्रम. मुख्य स्विच बंद केल्यावाचून चिखलात पाऊल घालू नये, आणि वायरमनने नळ्या, बोर्ड व अर्थिंग तपासल्यावाचून तो पुन्हा चालू करू नये. भिंतीतील नळ्यांत पाणी दीर्घकाळ साचून राहते. गाळ काढण्यापूर्वी पाण्याची रेषा स्पष्ट दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत. विम्याच्या सर्व्हेयरला आणि तलाठ्याला तोंडी वर्णनापेक्षा ती अधिक पटतात. गाळ ओला असतानाच धुवावा, कारण वाळल्यावर तो सिमेंटसारखा धरतो. गमबूट व हातमोजे घालावेत. पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. धुतलेली फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसून घ्यावी, आणि जमिनीखालची टाकी उपसून निर्जंतुक केल्याखेरीज तिचे पाणी वापरू नये.

त्यानंतरचे काम जिवावर येते, पण तेच महत्त्वाचे. स्कर्टिंग काढावे, भिंतीला खिळलेली कपाटे सोडवावीत, आणि पाण्याच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंतचा पोकळ, क्षारांनी भरलेला गिलावा विटेपर्यंत झाडून टाकावा. फरशीवर नाणे आपटून पाहावे. जेथे बद्द आवाज येतो तेथे खालच्या भरावात पाणी असण्याचा संभव असतो, आणि तेथील एखादी फरशी उचलल्यावाचून खात्री होत नाही. कापसाच्या गाद्या व फुगलेले प्लायवूड यांचा मोह सोडावा. खांब-तुळयांतील भेगा जाणकार अभियंत्यास दाखवाव्यात, कारण गंजलेला गज फुगतो आणि भोवतीचे काँक्रीट फोडतो. २०२१ च्या मे महिन्यात उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. ती पुराची बाब नव्हती, परंतु गजाचा गंज रंगाखाली झाकून ठेवण्यात शहाणपण नाही, हे उमजण्यास तेवढे पुरे आहे.

भिंत खरोखर वाळली की नाही, याची परीक्षा घरच्या घरी होते. फूटभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवून दोन दिवस ठेवावा. आतून दव धरले किंवा खालचा भाग काळवंडला, तर रंगाऱ्यास परत पाठवावे. आमच्याकडे जाड भिंत ऑक्टोबरचे ऊन खाल्ल्याखेरीज या परीक्षेस सहसा उतरत नाही. वाळल्यावर प्रथम नवा गिलावा, तोही पुरता सुकू द्यावा, आणि रंग सर्वांत शेवटी.

सबब तळमजल्यावरील बांधवांना माझी विनंती एवढीच की, ज्या वर्षी घरात पाणी शिरेल त्या वर्षी मखरामागे स्वच्छ धुतलेली चादर लावून गणपती बिनरंगाच्या भिंतीसमोर खुशाल बसवावा, आणि रंगाऱ्यास दिवाळी उलटल्याशिवाय बयाणा देऊ नये.